ग्राफ सव्वाशे एमबीपीएसवर, तरी आवाज तुटतोय: लिनक्सवर लहान पॅकेटचा लोड कसा मोजायचा आणि कसा निस्तरायचा

एक जिगाबिटची लिंक आहे, ट्रॅफिकचा ग्राफ सव्वाशे एमबीपीएसच्या वर जात नाही, टॉप कमांडमध्ये एकूण सीपीयू पण निवांत दिसतोय, आणि तरी दुपारी अकरा-बारानंतर कॉलवर आवाज तुटायला लागतो. व्हीओआयपीवाल्यांना (इंटरनेटवरून कॉल चालवणाऱ्यांना) हे नवीन नाही, डीएनएस (नावावरून आयपी पत्ता सांगणारा) किंवा सिसलॉगचा (लॉग गोळा करणारा) मोठा सर्व्हर सांभाळणाऱ्यांना पण नाही. आयएसपी म्हणतो आमच्याकडून सगळं क्लीन आहे, मॅनेजर म्हणतो मग दहा जिगाचं कार्ड घेऊ का, आणि कार्ड आलं तरी प्रॉब्लेम बऱ्याचदा जिथे होता तिथेच राहतो, कारण अडचण बिटची नसतेच, पॅकेटच्या संख्येची असते.

रेशन दुकानात दोन किलो तांदूळ घ्या नाहीतर वीस किलो, मशीनवर अंगठा लावून पावती निघायला वेळ तेवढाच लागतो, कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, पण तसंच आहे. पॅकेट साठ बाइटचं असो की पंधराशेचं, मेमरी घेणं, हेडर बघणं, रूट शोधणं, फायरवॉलचे नियम चालवणं, सॉकेटपर्यंत (प्रोग्राम जिथून पॅकेट उचलतो तिथपर्यंत) नेणं हे सगळं प्रत्येक पॅकेटमागे एकदा होतंच.

खाली मी मुख्यतः एकच केस धरून चालतोय, साध्या लिनक्स सर्व्हरवर चालणारा आरटीपी रिले, म्हणजे कॉलचा आवाज एकीकडून घेऊन दुसरीकडे देणारा बॉक्स. बाकीच्यांनी आपापल्या केसला लावून घ्या, कुठे फरक पडतो ते मधेमधे सांगतोच.

आधी कागदावर हिशोब करा

इथरनेटची सगळ्यात छोटी फ्रेम ६४ बाइटची. पण वायरवर तिच्या आधी ८ बाइटचा प्रीअ‍ॅम्बल आणि नंतर १२ बाइटचा गॅप जातो, म्हणजे झाले ८४ बाइट, ६७२ बिट. त्यावरून एक जिगाबिटला सेकंदाला जास्तीत जास्त १४,८८,०९५ पॅकेट आणि दहा जिगाबिटला १,४८,८०,९५२. दहा जिगावर एका पॅकेटच्या वाट्याला येतात ६७.२ नॅनोसेकंद, तीन गिगाहर्ट्झच्या कोअरवर साधारण २०० सायकल. मेमरीतून एक गोष्ट आणायची आणि ती कॅशमध्ये नसेल तर तेवढ्यातच कित्येक दहा नॅनोसेकंद जातात, असं दोनदा झालं की बजेट संपलं. तेच पूर्ण १५१८ बाइटची फ्रेम असेल तर दहा जिगावर सेकंदाला फक्त ८,१२,७४३ पॅकेट येतात, एकामागे १२३० नॅनोसेकंद मिळतात. म्हणून फाइल कॉपी करून "दहा जिगा मिळतंय की" असं म्हणण्याला लहान पॅकेटच्या बाबतीत काही अर्थ नाही.

आता आपली केस. जी.७२९ कोडेक (आवाज दाबून छोटा करायची पद्धत), २० मिलिसेकंदाचं पॅकेट, म्हणजे एका दिशेला सेकंदाला ५० पॅकेट. पेलोड २० बाइट, आरटीपी १२, यूडीपी ८, आयपी २०, झाले ६०. इथरनेटचे १८ धरून ७८, वायरवर ९८. रिलेवर २००० कॉल चालू असतील तर दोन्ही बाजू बोलतात म्हणून आत येणारे सेकंदाला २ लाख आणि बाहेर जाणारे पण २ लाख. वायरवर एका दिशेला १५७ एमबीपीएस होतात आणि एसएनएमपीचा (मॉनिटरिंगच्या प्रोटोकॉलचा) ग्राफ प्रीअ‍ॅम्बल आणि गॅप मोजतच नाही म्हणून तो १२५ च्या आसपास दाखवतो. ग्राफ बघून लिंक रिकामी वाटते, पण रिलेचा प्रोग्राम एकाच थ्रेडवर असेल तर त्याला दर ५ मायक्रोसेकंदाला एक पॅकेट उचलायचं आणि एक पाठवायचंय, प्रत्येकाला वेगळा सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नलला वेगळी हाक. मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या त्रुटीचे पॅच २०१८ मध्ये आले तेव्हापासून जुन्या प्रोसेसरवर तो सिस्टिम कॉल अजून महाग झालाय. एक कोअर भरून गेला आणि बाकीचे पंधरा रिकामे बसले की "एकूण सीपीयू" निवांतच दिसणार ना.

पहिलं काम म्हणजे मॉनिटरिंगमध्ये पॅकेट पर सेकंदचा ग्राफ लावा. सार कमांडला एन डेव्ह दिलं की लगेच आकडा दिसतो. आणि सीपीयू बघताना टॉपमध्ये १ दाबून प्रत्येक कोअर वेगळा बघा, किंवा एमपीस्टॅट सगळ्या कोअरसाठी चालवा आणि सॉफ्ट नावाच्या कॉलमवर (सॉफ्टआयआरक्यू, म्हणजे आलेल्या पॅकेटवर कर्नल करतो त्या कामाचा वेळ) नजर ठेवा. एखादाच कोअर सॉफ्टमध्ये शंभरला टेकलाय आणि त्याच कामाचा केसॉफ्टआयआरक्यूडी हा कर्नल थ्रेड यादीत वर आलाय असं दिसलं तर अर्धं निदान तिथेच झालं.

लोड तयार करणं

प्रॉडक्शनवर प्रयोग करू नका आणि ऑफिसच्या स्विचवरून पण टेस्ट करू नका, दोन मशीन सरळ एका केबलने जोडा. आयपर्फ हे वेग मोजायचं टूल यूडीपी मोडमध्ये चालतं, पण लहान पॅकेटला ते पाठवणाऱ्या मशीनवरच आधी थकतं आणि आपल्याला वाटतं समोरचा बॉक्स थकला. कर्नलमध्येच पॅकेटजेन नावाचं मॉड्यूल असतं ते वापरा, कर्नल सोर्सच्या सॅम्पल्स फोल्डरमध्ये त्याच्या तयार स्क्रिप्ट मिळतात. पॅकेट साइज ६० द्या, चेकसमचे ४ बाइट कार्ड स्वतः लावतं. समोरच्या कार्डचा मॅक पत्ता नीट द्या. आणि सोर्स पोर्ट बदलता ठेवा, कारण एकाच पोर्टवरून सगळं पाठवलं तर समोर ते एकाच क्यूमध्ये (कार्डवरच्या एकाच रांगेत) पडेल आणि तुम्ही सोळा कोअरच्या मशीनचा एकच कोअर मोजत बसाल. फार जण इथेच फसतात. त्याच्या उलट, खरा ट्रॅफिक एकाच फ्लोचा (त्याच पत्ते-पोर्टच्या जोडीचा) असेल, उदाहरणार्थ एखादा मार्केट डेटाचा मल्टिकास्ट फीड, तर टेस्ट पण एकाच फ्लोने करा, नाहीतर आकडा खोटा सुंदर येईल.

अजून एक, टेस्टच्या आधी कार्डवरचा पॉज म्हणजे इथरनेटचा फ्लो कंट्रोल बंद करा (कार्डच्या सेटिंगची कमांड ईथटूल, तिला लहान ए ने बघता येतं, मोठ्या ए ने बदलता येतं). तो चालू असेल तर दमलेला रिसीव्हर पाठवणाऱ्याला गप्प बसायला सांगतो, ड्रॉप शून्य दिसतो आणि आपण खूश.

आकडा काढायची पद्धत आरएफसी २५४४ या टेस्टिंगच्या दस्तऐवजातली घ्या, ती जुनी असली तरी सरळ आहे: एका रेटने ६० सेकंद पाठवा, एक जरी पॅकेट पडलं तरी रेट कमी करा, नाही पडलं तर वाढवा, असं करत शून्य लॉसचा रेट शोधा. ६४, १२८, २५६, ५१२ अशा साइज घ्या आणि तुमची खरी साइज पण घ्या, आपल्या केसमध्ये ७८. ७८ वर आणि ५१२ वर पॅकेटचा रेट जवळपास सारखाच आला तर समजा की अडथळा पॅकेटमागच्या कामाचा आहे, लिंकचा नाही.

पॅकेट नेमकं कुठे पडतंय

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि नेमका हाच सोडून लोकं नेटवरची वीस ओळींची सिस-सीटीएल (कर्नलच्या सेटिंगची) यादी पेस्ट करतात, त्यात अर्ध्या ओळी टीसीपीच्या असतात, यूडीपीला त्यांचा काडीचा उपयोग नाही. पॅकेट पडायच्या मुख्य जागा तीनच आहेत आणि तिन्हींचे काउंटर वेगळे आहेत.

पहिली जागा कार्ड. ईथटूलला मोठा एस आणि इंटरफेसचं नाव द्या, मिस्ड, नो बफर, नो डिस्क्रिप्टर अशा नावाचे काउंटर शोधा, प्रत्येक ड्रायव्हरची नावं वेगळी असतात. हे वाढत असतील तर कार्डकडे पॅकेट आलं पण कर्नलने रिंगमधली (कार्ड पॅकेट ठेवतं त्या बफरमधली) जागा वेळेत मोकळी करून दिली नाही.

दुसरी जागा कर्नलची सॉफ्टआयआरक्यू. प्रॉकच्या नेट फोल्डरमध्ये सॉफ्टनेट-स्टॅट फाइल आहे, प्रत्येक सीपीयूची एक ओळ, आकडे हेक्समध्ये. पहिला कॉलम किती पॅकेट हाताळली, दुसरा किती टाकली, तिसरा किती वेळा काम शिल्लक असताना बजेट संपलं. दुसरा कॉलम बॅकलॉग क्यूचा आहे आणि कार्डवरून नॅपीने (कर्नलची गटाने पॅकेट उचलायची पद्धत) येणारं पॅकेट सहसा त्या क्यूमध्ये जातच नाही, आरपीएस (पॅकेट सॉफ्टवेअरमध्ये कोअरला वाटणं) चालू असेल किंवा कंटेनरचे व्हर्च्युअल इंटरफेस असतील तरच जातं. म्हणजे हा कॉलम शून्य असताना मॅक्स बॅकलॉग १००० चं लाखावर नेऊन काहीही होत नाही.

तिसरी जागा सॉकेट. एनस्टॅटमध्ये यूडीपी रिसीव्ह-बफ-एरर्स बघा. हा वाढतोय म्हणजे कर्नलने आपलं काम केलं, प्रोग्रामने उचलायला उशीर केला. कोणतं सॉकेट ते एसएस कमांडला मेमरीचा ऑप्शन दिला की कळतं.

पाच-पाच सेकंदांच्या अंतराने हे तिन्ही काउंटर घ्या आणि फरक काढा, एकूण आकडा बघू नका कारण तो बूट झाल्यापासूनचा असतो.

कार्डवर पडत असेल तर

आधी रिंग बघा, ईथटूलला लहान जी. बऱ्याच कार्डांवर डीफॉल्ट ५१२ च्या आसपास आणि कमाल ४०९६ असते. वाढवा, पण त्याने काय होतं ते समजून वाढवा: दहा जिगाच्या पूर्ण रेटला ४०९६ जागा २७५ मायक्रोसेकंदात भरतात. म्हणजे मोठी रिंग फक्त झटका सोसते, सरासरी वेग वाढवत नाही, उलट खूप मोठी रिंग कॅशमध्ये मावत नाही म्हणून थोडा वेग कमी पण होऊ शकतो.

खरी गोष्ट असते क्यूची. आजकालचं प्रत्येक सर्व्हर कार्ड अनेक क्यू देतं आणि हॅश करून पॅकेट वाटतं, यालाच आरएसएस म्हणतात. पण अनेक ड्रायव्हर यूडीपीसाठी डीफॉल्ट हॅश फक्त दोन आयपी पत्त्यांवर करतात, पोर्ट धरत नाहीत. आता आपल्या केसकडे बघा: ट्रंक (बाहेरच्या कॉलची लाइन) देणाऱ्या कंपनीचा मीडिया आयपी एक, आपला आयपी एक, म्हणजे निम्मा ट्रॅफिक एकाच क्यूमध्ये. दुसऱ्या बाजूला एजंट सगळे एका ऑफिसच्या नॅटमागे (एकाच आयपीच्या आड) असतील तर उरलेला निम्मा पण एकाच क्यूमध्ये. सोळा क्यू असून दोनच चालतात. ईथटूलला लहान एन देऊन यूडीपी-४ चा आरएक्स-फ्लो-हॅश बघा आणि मोठ्या एनने तो एस-डी-एफ-एन करा, म्हणजे दोन्ही आयपी आणि दोन्ही पोर्ट. ही एकच ओळ, फुकट, आणि आरटीपीच्या बॉक्सवर बाकी सगळ्या ट्यूनिंगपेक्षा हिचा फरक मोठा पडतो असं माझं ठाम मत आहे. धोका एकच, फ्रॅगमेंट झालेल्या पॅकेटच्या पुढच्या तुकड्यांत पोर्ट नसतो म्हणून ते दुसऱ्या क्यूमध्ये जातात आणि क्रम बिघडू शकतो. आरटीपी फ्रॅगमेंट होत नाही, तिथे बिनधास्त करा, मोठी उत्तरं बाहेरून घेणाऱ्या डीएनएसवर जरा विचार करून.

मग इंटरप्ट, म्हणजे पॅकेट आलं असं सांगणारी कार्डची हाक. प्रॉकच्या इंटरप्ट्स फाइलमध्ये प्रत्येक क्यूचा इंटरप्ट कुठल्या कोअरवर जातोय ते दिसतं. आयआरक्यू-बॅलन्स हा प्रोग्राम मधेच जागा बदलतो, त्यामुळे असल्या बॉक्सवर तो बंद करून हाताने एक क्यू एक कोअर असं लावलेलं बरं. दोन सॉकेटचा सर्व्हर असेल तर कार्ड कोणत्या नुमा नोडला (कोणत्या प्रोसेसरच्या बाजूला) जोडलंय ते सिस फोल्डरमधल्या डिव्हाइसखाली नुमा-नोड फाइलमध्ये बघा आणि इंटरप्ट व प्रोग्राम दोन्ही त्याच नोडच्या कोअरवर ठेवा, नाहीतर प्रत्येक पॅकेट एका प्रोसेसरवरून दुसऱ्याकडे जातं.

कोअलेसिंग म्हणजे किती वेळ थांबून इंटरप्ट द्यायचा, ते ईथटूलच्या सी मध्ये. जास्त थांबलं तर सीपीयू वाचतो, लेटन्सी वाढते. आवाजासाठी ५० मायक्रोसेकंद इकडे-तिकडे झाले तर कोणाच्या कानाला कळत नाही, मुंबईत शेअर बाजाराच्या को-लोकेशनमध्ये बसलेल्या मंडळींना मात्र तेवढंही परवडत नाही, ते बहुतेक कर्नल बाजूला ठेवणारी कार्डंच वापरतात.

सॉफ्टआयआरक्यूचा कोअर भरत असेल तर

बजेट वाढवायच्या आधी कामच कमी करा. नॅपी एका फेरीत डीफॉल्ट ३०० पॅकेट घेतं, सोबत वेळेची पण मर्यादा असते. तिसरा कॉलम सतत वाढत असेल तर ६०० करून बघा, पण कोअर आधीच शंभर टक्के असेल तर बजेट वाढवून काम कमी होत नाही.

पर्फ टॉप (वेळ कुठल्या फंक्शनमध्ये जातोय ते दाखवतं) त्या कोअरवर लावा. वर कॉनट्रॅकची (प्रत्येक कनेक्शनची नोंद ठेवणाऱ्या भागाची) फंक्शन दिसली तर रॉ टेबलमध्ये आरटीपीच्या पोर्ट रेंजला नोट्रॅक (नोंद ठेवू नको) लावा, दोन्ही दिशांना. याच बॉक्सवर नॅट होत असेल तर हे करता येणार नाही, नॅटला कॉनट्रॅक लागतंच, अशा वेळी निदान रिले आणि नॅट वेगळ्या मशीनवर न्या. डीमेसेजमध्ये "टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट" असं येत असेल तर ते कॉनट्रॅकचंच टेबल. फायरवॉलचे नियम शंभर असतील आणि आरटीपीचा नियम तळाला असेल तर तो वर आणा. कोणीतरी स्क्रीनमध्ये टीसीपीडम्प चालू ठेवून घरी गेलाय का ते पण बघा, हसू नका, तो चालू असला की प्रत्येक पॅकेटवर जास्तीचं काम होतं.

सीपीयूचा गव्हर्नर परफॉर्मन्सवर ठेवा. पॉवर वाचवणारा मोड असेल तर कोअर झोपतो, उठायला वेळ घेतो, आणि गंमत म्हणजे तेव्हा कमी लोडला ड्रॉप दिसतात आणि जास्त लोडला दिसत नाहीत.

कार्डवर एकच क्यू असेल, जुन्या किंवा स्वस्त कार्डवर असतोच, तर आरपीएस वापरा, तो २०१० पासून कर्नलमध्ये आहे आणि सॉफ्टवेअरमध्ये पॅकेट इतर कोअरला वाटतो. त्या एका कोअरवर पॅकेट आधी उचलावं लागतंच, त्यामुळे चमत्काराची अपेक्षा नको.

सॉकेटवर पडत असेल तर

इथे एकाच पोर्टची सर्व्हिस आणि हजारो पोर्टची सर्व्हिस यांचा इलाज पूर्ण वेगळा आहे.

डीएनएस, सिसलॉग, एसआयपी (कॉल जोडायचा प्रोटोकॉल), मार्केट फीड असं सगळं एका पोर्टवर येत असेल तर बफर मोजा. रिसीव्ह बफरचा डीफॉल्ट २,१२,९९२ बाइट असतो, पण कर्नल त्यात तुमचे २० बाइट मोजत नाही, पॅकेटसाठी अडवलेली पूर्ण मेमरी मोजतो. एका छोट्या पॅकेटमागे ७६८ बाइट धरले तरी २७७ पॅकेटच मावतात, काही ड्रायव्हरवर त्याहून कमी. सेकंदाला एक लाखाच्या रेटला हे तीन मिलिसेकंद पण नाही, प्रोग्राम लॉग लिहायला जरा थांबला की गेले. आर-मेम-मॅक्स वाढवा आणि प्रोग्राममधून बफर मागून घ्या. मग रिसीव्ह-एमएमएसजी वापरा, एका सिस्टिम कॉलमध्ये अनेक पॅकेट, आणि रीयूजपोर्ट (कर्नल ३.९ पासून) लावून प्रत्येक कोअरला आपलं सॉकेट द्या.

आरटीपी रिलेवर यातलं बरंचसं चालतच नाही. तिथे प्रत्येक कॉलला वेगळा पोर्ट, प्रत्येक सॉकेटवर २० मिलिसेकंदाला एकच पॅकेट, मग रिसीव्ह-एमएमएसजी एकत्र करणार काय? जीआरओचं (पॅकेट जोडून एक करणं) पण तेच, जोडायला एकाच फ्लोची लागोपाठ पॅकेट हवीत, इथे ती नसतातच. म्हणून इथे दोनच रस्ते: रिलेचे थ्रेड वाढवून कॉल कोअरमध्ये वाटा, किंवा पॅकेट यूजरस्पेसपर्यंत (प्रोग्रामपर्यंत) आणूच नका. आरटीपीइंजिन या रिले प्रोग्रामचं कर्नल मॉड्यूल नेमकं हेच करतं, कॉल जमला की पुढची पॅकेट कर्नलमधूनच परस्पर वळवतं. अनेक जण हे पॅकेज टाकतात पण मॉड्यूल लोड झालेलंच नसतं, कर्नल अपडेटनंतर तर हमखास, आणि सगळं गुपचूप यूजरस्पेसमधून चालत राहतं. आधी एलएसमॉडमध्ये बघा.

कर्नल पुरेनासा झाला की

हे सगळं नीट लावून पण आकडा कमी पडला तरच पुढे जा. एक्सडीपी (कर्नल ४.८, २०१६) मध्ये ड्रायव्हरमध्येच, पॅकेटसाठी मोठी रचना तयार व्हायच्या आधी, छोटा प्रोग्राम चालतो. २०१८ च्या कोनेक्स्ट परिषदेतल्या पेपरमध्ये एका कोअरवर सेकंदाला २.४ कोटी पॅकेट नुसती टाकून देण्याचा आकडा आहे. टाकणं आणि हाताळणं यात फरक आहे हे विसरू नका, पण हल्ला अडवायला किंवा साधं वळवायला एक्सडीपी मस्त, कारण बाकी कर्नल जसाच्या तसा राहतो, एसएसएच पण चालतं, काउंटर पण.

डीपीडीके म्हणजे कार्डच कर्नलकडून काढून घेणं. वेग जबरदस्त, पण ठरवलेले कोअर कायम शंभर टक्के फिरत राहतात, ट्रॅफिक असो नसो, ह्यूजपेज (मेमरीची मोठी पानं) राखून ठेवावे लागतात, टीसीपीडम्प आणि आयपीटेबल्स त्या कार्डासाठी नाहीतच असं समजा, एआरपी (आयपीवरून मॅक पत्ता शोधणं) पण तुम्हालाच बघावं लागतं. दोन जणांच्या टीमने दोन हजार कॉलसाठी डीपीडीके लावायच्या गोष्टी करणं मला पटत नाही. फ्रीबीएसडीवाल्यांना नेटमॅप आहे, पिसा विद्यापीठातल्या लुइजी रिझोंनी २०१२ मध्ये दाखवलं होतं की ९०० मेगाहर्ट्झवर चालणारा एक कोअर दहा जिगाचा पूर्ण १.४८८ कोटीचा रेट गाठू शकतो. यावरून एक कळतं की तेव्हाचं हार्डवेअर कमी पडत नव्हतं, पॅकेटमागची उस्तवार जास्त होती. विंडोजवर अडकला असाल तर सर्व्हर २०१२ पासून रजिस्टर्ड आयओ आहे, आणि आरएसएस चालू आहे ना एवढं तरी बघाच.

व्हीएम आणि क्लाउड

वरचं सगळं स्वतःच्या लोखंडावर, म्हणजे खऱ्या मशीनवर, लागू आहे. व्हीएममध्ये (व्हर्च्युअल मशीनमध्ये) खाली होस्टचा एक थ्रेड तुमची पॅकेट ढकलत असतो, तो भरला तर तुमच्या व्हीएमच्या आतल्या काउंटरमध्ये काहीच दिसणार नाही, होस्टवर टॉप बघायला लागतो. व्हर्टआयओला (व्हीएमच्या व्हर्च्युअल कार्डाला) मल्टीक्यू दिलंय का ते आधी बघा. क्लाउडवर तर कंपनीच पॅकेट पर सेकंदची मर्यादा घालते, जाहिरातीत गिगाबिट मोठ्या अक्षरात असतात आणि ही मर्यादा शोधावी लागते. एडब्ल्यूएसच्या (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या) ईएनए नेटवर्क ड्रायव्हरवर ईथटूलच्या मोठ्या एसमध्ये पीपीएस-अलाउन्स-एक्सीडेड आणि कॉनट्रॅक-अलाउन्स-एक्सीडेड असे काउंटर मिळतात. ते वाढत असतील तर वरची एकही सेटिंग कामाची नाही, इन्स्टन्स मोठा घ्या किंवा कॉल दोन इन्स्टन्सवर वाटा, आणि वाटताना प्रत्येकाचा शून्य लॉसचा रेट आधी काढून त्याच्या सत्तर टक्क्यांवर अलार्म लावा, बिटवर नाही, पॅकेटवर.